रात्री कवच कुठून येतं?

गेल्या रविवारी ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका अंड्यांच्या दुकानात दोन ट्रे शेजारी शेजारी मांडले होते. एकात पांढरी अंडी, दुसऱ्यात तपकिरी, आणि तपकिरींना दीडपट भाव. "काका, ही गावठी. मोकळ्या कोंबड्यांची," दुकानदार म्हणाला. माझ्या पुढच्या बाईंनी लगेच डझनभर बांधून घेतली. मला बोलायचं होतं, पण मागे रांग होती. तिथे गिळलेलं इथे लिहितो.

कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. प्रोटोपोर्फिरिन नावाचं रंगद्रव्य अंडं बाहेर पडण्याआधीच्या काही तासांत कवचावर चढतं, बस. तपकिरी अंडी देणाऱ्या लेयर, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेल्या, कोंबड्याही पिंजऱ्यात असतात. बलक गडद केशरी निघाला तर खाद्यात मका किंवा झेंडूचा अर्क असं रंग देणारं काही होतं एवढंच कळतं. कोंबडी कशी जगली हे शोधायचं तर तिची हाडं बघावी लागतात.

आधी घरी एक प्रयोग करा. कच्चं अंडं दिवसभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. बुडबुडे येतात तो कार्बन डायऑक्साइड, कारण कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे खडूच्या जातीचं. कवच विरघळलं की पातळ पापुद्र्यातलं लिबलिबीत अंडं हातात येतं. व्हॉट्सॲपवर दर वर्षा-दोन वर्षांनी फिरणाऱ्या 'प्लास्टिकच्या अंड्या'च्या व्हिडिओत ओढून दाखवतात तो हाच पापुद्रा, प्रथिनांच्या धाग्यांचा. एक नकली अंडं तयार करायला अस्सल अंड्याच्या किती पट खर्च येईल, याचा हिशेब फॉरवर्ड करणाऱ्यांनी एकदा तरी मांडावा.

आता माझ्या आवडीचा भाग. बलक बीजांडकोशातून सुटला की त्याभोवती पांढरा भाग चढायला सुमारे तीन तास लागतात, पापुद्र्यांना तासभर, आणि पुढे कवचाच्या पिशवीत मुक्काम वीस तासांचा. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडीच्या रक्तात एका वेळी फिरतं ते जेमतेम २५ मिलिग्रॅम. म्हणजे कवच चढत असताना दर पंधराएक मिनिटांनी रक्तातलं सगळं कॅल्शियम उपसलं जातं आणि पुन्हा भरावं लागतं. दिवसा ही भरती खाद्यातून होते. लेयरच्या खाद्यात शिंपल्याची चुरी किंवा चुनखडी घालतात ती त्यासाठीच. पण कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं. कोंबडी झोपलेली, शेडमधले दिवे बंद, पोट रिकामं होत आलेलं. मग कॅल्शियम कुठून येतं?

पायांच्या हाडांतून. तलंग पहिलं अंडं घालण्याच्या साधारण दोन आठवडे आधी तिच्या रक्तात इस्ट्रोजेन वाढतं आणि पोकळ हाडांच्या आत, मगजाच्या जागी, बारीक काट्याकुट्यांसारखं नवं हाड तयार होऊ लागतं. याला मेड्युलरी हाड म्हणतात. भार पेलण्याच्या कामी ते फारसं येत नाही, ती कॅल्शियमची तिजोरी आहे. रोज रात्री ऑस्टिओक्लास्ट पेशी आम्ल सोडून ते विरघळवतात, दिवसा ऑस्टिओब्लास्ट पेशी परत रचतात. त्यातही एक उधळपट्टी आहे. हाडातलं खनिज म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटची जोडी. कवचाला फॉस्फेट नको असतं, म्हणून ते मूत्रपिंडावाटे बाहेर टाकलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी हाड भरायला पुन्हा खाद्यातून घ्यावं लागतं.

ही युक्ती एकट्या कोंबडीची नाही. १९३४ मध्ये ती कबुतरांच्या माद्यांमध्ये नोंदली गेली. तुमच्या एसीच्या मागे घरटं करून बसलेली कबुतरीण हेच करते. २००५ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ मेरी श्वाइत्झर आणि सहकाऱ्यांनी तर टायरॅनोसॉरस या डायनोसॉरच्या मांडीच्या हाडात अशीच ऊती सापडल्याचं मांडलं.

कबुतरीण दोन अंडी घालते आणि थांबते, तिचं भागतं. कोंबडीचं दुखणं इथे सुरू होतं. इस्ट्रोजेन चढलेलं असेपर्यंत ऑस्टिओब्लास्ट भार पेलणारं पक्कं हाड जवळपास रचतच नाहीत, त्यांची सगळी मेहनत तिजोरी भरण्यात जाते. ऑस्टिओक्लास्टना मात्र तिजोरी आणि भिंत यांतला फरक कळत नाही, ते दोन्ही कुरतडतात. पक्कं हाड परत भरून येतं ते अंडी थांबल्यावर. आजीच्या परसातली गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून खुडूक व्हायची, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसायची, आठवतं? आपल्याला वाटायचं बया रुसली. हाडांच्या बाजूने पाहिलं तर तो तिचा दुरुस्तीचा काळ. आजच्या लेयरमधून खुडूक होण्याची प्रवृत्ती पैदाशीतच काढून टाकली आहे. ती वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. त्यांच्या कवचांत सहाशे ग्रॅमहून अधिक कॅल्शियम जातं, आणि तिच्या अख्ख्या सांगाड्यात असतं सुमारे २० ग्रॅम.

आता अशा कोंबडीला पिंजऱ्यात ठेवा. हाडातल्या पेशींना भार जाणवला, ताण बसला, तरच हाड टिकवायचा निरोप जातो. उडी, चढण, पंखांची फडफड हा तो ताण. १९८९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात कोंबडीला पंख फडफडवायला सरासरी १,८७६ चौरस सेंटिमीटर जागा लागते असं मोजलं गेलं. रूढ पिंजऱ्यात वाट्याला येते त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी, ए-फोर कागदाहून कमी. त्याच वर्षी ब्रिटनमध्येच झालेल्या दुसऱ्या पाहणीत पिंजऱ्यातून कत्तलखान्यापर्यंत पोचलेल्या २९ टक्के कोंबड्यांचं एक तरी हाड मोडलेलं आढळलं. मोकळ्या शेडमधल्या कोंबड्यांची पायांची आणि विशेषतः पंखांची हाडं मजबूत भरतात, हे त्यानंतर वारंवार दिसलं आहे.

पिंजरा काढला की सगळं साधलं असं मी म्हणणार नाही. मजल्या-मजल्यांच्या मोकळ्या शेडमध्ये कोंबड्या दांडीवर आदळतात, आणि छातीचं नावेच्या तळासारखं हाड मोडण्याचं प्रमाण तिथेही मोठं आहे. चढा-उतरायला उतरत्या फळ्या लावल्या की पडणं कमी होतं. जास्त अंडी देणारी जात निवडण्याऐवजी हाडं टिकणारी जात निवडणं हे पुढचं काम. 'केज-फ्री' लेबल लावून भाव दुप्पट करणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी विचारायला हव्यात.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ सांगतं की पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राण्याला ठेवणं गुन्हा आहे. २०१७ मध्ये विधी आयोगाने २६९ व्या अहवालात अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी नियमांचा मसुदाही दिला. युरोपीय संघात साधे पिंजरे २०१२ पासून बंद आहेत, आणि तिथल्या अंड्यावर छापलेला पहिला आकडाच सांगतो: ० म्हणजे सेंद्रिय, १ बाहेर हिंडणारी, २ शेडमध्ये मोकळी, ३ सुधारित, मोठ्या पिंजऱ्यातली. असा आकडा ठाण्यातल्या अंड्यांवर यायला हवा. तो आला तर रंग पाहून दीडपट पैसे मोजायची वेळ येणार नाही.

काल पुन्हा त्याच दुकानात गेलो. रांग नव्हती. विचारलं, "ही तपकिरी कुठून येतात? पिंजऱ्यातली की मोकळी?" त्याने ट्रे उचलून खालून-वरून पाहिला. "काका, ट्रे रात्री ट्रकमधून उतरतात. कोंबडी कोणी बघितलीय?"