व्रत पाळणं वेगळं, सवय लागणं वेगळं

श्रावणात मांसाहार बंद, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, हे आपल्याकडे कितीतरी घरांत बिनबोभाट पाळलं जातं. त्याच घरातल्या माणसाला 'रोज अर्धा तास चालायचं' हे मात्र महिनाभर जमत नाही, आणि तो म्हणतो, 'माझ्यात निश्चयच नाही.' मला हे पटत नाही. निश्चय नसता तर श्रावण पाळला गेलाच नसता. त्याने सवयीचं काम व्रताच्या पद्धतीने करायला घेतलं, अडचण तिथे आहे.

व्रताला मुदत असते. चातुर्मास आषाढी एकादशीला लागतो, कार्तिकीला संपतो. सुरुवातीला संकल्प, शेवटी उद्यापन. मधले दिवस माणूस जागा असतो, ताटात काय आलंय ते बघून खातो. घरचे, शेजारचे सोबत पाळत असतात, म्हणून जड जात नाही. मुदत संपली की सुटतं. गणपती झाल्यावर घरात पुन्हा मासळी आली, तर कुणी व्रत मोडलं असं होत नाही. ते ठरलं होतं तेवढं पार पडलं.

सवयीत हे जागेपण उरत नाही. वेंडी वुड, डेव्हिड नील हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2011 साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकेतला प्रयोग मला फार बोलका वाटतो. सिनेमागृहात काहींना ताजे, तर काहींना आठवडाभराचे शिळे पॉपकॉर्न दिले. सिनेमाला बसलं की पॉपकॉर्न खाणारच, अशी ज्यांची सवय होती त्यांनी शिळेही ताज्याइतकेच संपवले. ते चांगले लागत नाहीत हे त्यांना कळत होतं, तरी. तसेच पॉपकॉर्न मीटिंगच्या खोलीत दिले, तेव्हा मात्र शिळे फारसे खाल्ले गेले नाहीत. म्हणजे सिनेमागृहात हात चालवत होती ती जागा.

म्हणून सवय लावायची तर आधी वेळ आणि जागा पक्की करावी लागते. 'रोज चालेन' हा संकल्प झाला. 'संध्याकाळचा चहा झाला की कप विसळून चपला घालायच्या' यात सवयीला धरायला काहीतरी मिळतं.

किती दिवस लागतात? एकवीस दिवसांचं जे ऐकतो, त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या लिखाणात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला किमान एवढे दिवस जातात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याचा चालण्या-धावण्याशी काय संबंध? लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर अभ्यास केला, तेव्हा सवय जडायला लागणारा काळ 18 ते 254 दिवस असा पसरलेला निघाला. मधला आकडा 66. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही.

व्रताचा हिशेब इथेच वेगळा पडतो. व्रतात खंड पडला की मोडल्यासारखं वाटतं. हाच धाक आपण सवयीलाही लावतो. पावसामुळे एक संध्याकाळ घरात गेली की 'आता पुढच्या एक तारखेपासून' म्हणून सगळंच सोडून देतो. सवयीला खाडा चालतो. उद्या त्याच वेळी पुन्हा निघालं म्हणजे झालं.

वारकऱ्यांची माळ या दोन्हींच्या मधली. तिला उद्यापन नाही. ती गळ्यात कायम असते, रोज आठवण देते, आणि माळकऱ्याला कुणी मटणाचा आग्रह करत नाही. निश्चय आणि खूण एकत्र आल्यामुळे ती जन्मभर निभते, असं मला वाटतं.

श्रावणापुरती तंबाखू सोडणाऱ्यांना हे खास सांगायचंय. महिना निभतो, पण जेवणानंतर चंची काढायची ती वेळ आणि ती ओट्यावरची जागा तशीच राहते. व्रत चालू असतानाच त्या वेळेला बडीशेप तोंडात टाकायला लागा, जमलं तर बसायची जागाही बदला. तरीही तलफ आवरत नसेल तर ती निकोटिनची ओढ आहे, तिथे डॉक्टरांकडे जा.