बंद घर का बसतं?

दर पावसाळ्यात जळगाव-धुळ्याकडच्या पेपरांत आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी येतेच. संततधारेने धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर कोसळलं, सुदैवाने घरात कोणी नव्हतं. त्यातल्या शेवटच्या वाक्याशी मी दर वेळी अडखळतो, कारण पुष्कळदा घर पडण्याचं मूळ तिथेच असतं. घरात कोणी नव्हतं, बरीच वर्षं नव्हतं, म्हणून ते पडलं.

गिरणाकाठी माझ्या मामांचं घर होतं. मामा पुण्याला मुलाकडे गेले, दाराला कुलूप लागलं, आणि सहाव्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. दीडशे वर्षं उभी असलेली, दोन हात जाडीची मातीची भिंत. मी बघायला गेलो तेव्हा शेजारचे नाना म्हणाले, "भाचा, मानूस निंघी गया का घर बसी जास." घराला माणसाची ऊब लागते, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. अनुभव खरा आहे, पण ही ऊब म्हणजे नेमकं काय? ते शोधायला लागलो आणि मातीच्या प्रेमातच पडलो.

आधी छत. सागाची खांडं, त्यावर लाकडाच्या फळकुट्या, त्यावर पालापाचोळा आणि मातीचा हातभर थर, आणि सगळ्यात वर खारी माती. या खाऱ्या मातीत सोडियम भरपूर असतं. साध्या मातीत कॅल्शियममुळे चिकणमातीचे कण गोळ्यागोळ्यांनी एकत्र राहतात आणि गोळ्यांमधल्या फटींतून पाणी खाली जातं. सोडियम मात्र या कणांना सुटं करतं. पाऊस पडला की सुटे झालेले कण फटींत जाऊन बसतात आणि वरचा पापुद्रा गच्च होतो. पाणी आत न शिरता पन्हाळीकडे वाहून जातं. शेतकरी ज्या जमिनीला चोपण म्हणून नावं ठेवतो, तोच तिचा गुण छतावर उपयोगी पडतो. अडचण एवढीच की सुटे झालेले कण पाण्याबरोबर वाहूनही जातात, आणि उन्हाळ्यात थराला भेगा पडतात. म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी धाब्यावर नवी खारी माती टाकायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. मामा गेले आणि हे काम थांबलं.

आता भिंत. हा माझा खरा आवडीचा भाग आहे, थोडा दमाने वाचा.

मातीच्या भिंतीत सिमेंट नाही, चुना नाही, ती भट्टीत भाजलेलीही नाही. मग तिला धरून काय ठेवतं? पाणी! धुतलेल्या दोन स्टीलच्या ताटल्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या चिकटतात, सुटता सुटत नाहीत. मधला पाण्याचा पातळ थर त्यांना ओढून धरतो. कोरडी दिसणारी भिंत पूर्ण कोरडी कधीच नसते. जिथे दोन कण एकमेकांना टेकतात, त्या बारीक कोपऱ्यात पाण्याचा इवलासा थेंब अडकलेला असतो. त्याचा पृष्ठभाग आतल्या बाजूला वळलेला असतो, आणि पृष्ठताणामुळे तो दोन्ही कणांना जवळ ओढतो. भिंतीत असे थेंब अब्जावधी असतात.

ही ओढ केवढी असेल? विल्यम थॉमसन, म्हणजे लॉर्ड केल्व्हिन, यांनी 1871 साली वक्र पृष्ठभागावरच्या बाष्पदाबाचं गणित मांडलं. त्याचा इथे लागू पडणारा अर्थ असा: हवा जितकी कोरडी, तितका कोपऱ्यातला थेंब लहान, तितकी त्याची वक्रता जास्त आणि तितकं त्यातलं शोषण, म्हणजे आत ओढून धरणारी ओढ, जास्त. साधारण 25 अंश तापमानाला आर्द्रतेच्या अपूर्णांकाचा (50 टक्के म्हणजे 0.5) नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, ऋण चिन्ह सोडून द्यायचं आणि त्याला 137 मेगापास्कलने गुणायचं. आर्द्रता 50 टक्के असेल तर उत्तर सुमारे 95 मेगापास्कल येतं, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या 900 पटींहून जास्त. त्या वेळी थेंबाच्या पृष्ठभागाची त्रिज्या दीड नॅनोमीटर असते, पाण्याचे पाच-सहा रेणू ओळीने ठेवले तर होईल एवढीच. आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली की शोषण साडेचौदा मेगापास्कलवर उतरतं. 99 टक्क्यांना ते जेमतेम 1.4 उरतं. ही सगळी ओढ भिंतीच्या मजबुतीत उतरत नाही, कारण ती फार थोड्या क्षेत्रावर काम करते. भिंतीच्या पदरात तिचा अगदी लहान हिस्सा पडतो, पण घर पेलायला तो पुरतो.

आणि भिंतीत पाणी पूर्ण भरलं तर? मग वळलेला पृष्ठभागच उरत नाही. कणांमधली सगळी जागा पाण्याने भरली की ओढ शून्य. जे पाणी भिंतीला धरून होतं, तेच जास्त झालं की भिंतीचा चिखल होतो.

पडलेल्या भिंतीचं लिंबाएवढं ढेकूळ मी घरी आणलं आणि काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात सोडलं. आधी कडेने बुडबुड्यांची माळ निघाली. कणांमधल्या फटींनी पाणी इतक्या जोरात आत ओढलं की आतली हवा कोंडली आणि वाट फोडून बाहेर आली. मग एक कोपरा गळला, दुसरा गळला, आणि चहा होईपर्यंत तळाशी मातीची रास उरली. नखाने टोकरलं तरी न निघणारं ते ढेकूळ होतं. आपल्याकडे कुठेही जुनी भिंत पडलेली असेल, हा प्रयोग मुलांना जरूर दाखवा.

तेव्हा घराची ऊब म्हणजे रोजची चूल, जी आतली हवा कोरडी ठेवते आणि जिच्या धुराने खांडांना कीड कमी लागते. ऊब म्हणजे सारवण, उघडी दारं, उंदराने केलेलं बीळ दिसताच बुजवणारा हात, भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच उपटणारी आजी. कुलूप लागलं की उधई म्हणजे वाळवी, लोणा म्हणजे भिंतीवर फुटणारा खार, आणि पिंपळ तिघेही कामाला लागतात. पण शेवटचा धक्का छतातून उतरणाऱ्या पाण्याचाच.

हे लिहायचं आणखी एक कारण. आमच्या भागातल्या पडक्या वाड्यांत आणि गढ्यांत रात्री शिरून भुताचे व्हिडिओ करणारी मुलं वाढली आहेत. आत ऐकू येणारी टकटक म्हणजे दिवसभर तापलेलं लाकूड रात्री थंड होऊन आकसताना होणारा आवाज, आणि अंगावर पडणारी माती ही ओढ सुटलेली माती आहे. भुताला कोणी भ्यायचं कारण नाही, भिंतीला मात्र भ्यावं. झड उघडून ऊन पडलं की लोक निर्धास्त होतात, पण तेव्हा फक्त वरचा पापुद्रा वाळलेला असतो. आत शिरलेलं पाणी पुढेही कणाकणाने पसरत राहतं आणि भिंत ऊन पडल्यावरही बसू शकते. जुनी घरं बघायची असतील तर फाल्गुन-चैत्रात जा, दिवसा जा, आणि पोट सुटलेल्या भिंतीजवळ उभे राहू नका. आणि मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. आत गेलेली ओल मग बाहेर पडत नाही.

आपण शेताला काळी म्हणतो आणि वस्तीच्या जागेला पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची बसलेली घरं, चुलीची राख, चुना यांनी ती माती पांढरट झालेली असते. तापीकाठी प्रकाशे इथे आणि गिरणाकाठी बहाळला 1950च्या दशकात उत्खननं झाली, तेव्हा अशाच टेकाडांत एकावर एक वस्त्यांचे थर निघाले, पार ताम्रपाषाण काळापर्यंत. मामांचं घर आता अशाच एका थराची सुरुवात आहे, असं मला वाटलं होतं.

पण नानांनी तसं होऊ दिलं नाही. मामांना फोनवर विचारून पडलेल्या भिंतीची माती त्यांनी बैलगाडीने नेली, पाणी आणि गव्हाचं भूस घालून तुडवली, आठ दिवस कुजवली. मार्चमध्ये गेलो तेव्हा त्यांच्या गोठ्याची नवी भिंत छातीएवढी आली होती. खालचे थर वाळून फिकट झाले होते, वरचा अजून काळपट ओला होता. मी खालच्या थराला नख लावून पाहिलं. निघालं नाही.