४,२९,४९,६७,२९७ : मूळ ठरता ठरता राहिलेली संख्या

२ चा ३२ वा घात काढून त्यात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही दहा अंकी संख्या मिळते. विषम, संयुक्त आणि नेमक्या दोन मूळ अवयवांची, अशी तिची आजची नोंद आहे. ती ठरायला मात्र सुमारे नव्वद वर्षं लागली.

१६४० मध्ये गणितज्ञ पिएर द फर्माने पत्रांतून एक अंदाज मांडला. घातांक हा स्वतःच २ चा घात असेल, तर २ च्या त्या घातात १ मिळवून येणारी संख्या मूळच असते, असं त्याला वाटत होतं. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पहिल्या पाचही मूळ आहेत. आपली संख्या सहावी. सिद्धता हाती नसल्याचं फर्माने मान्य केलं होतं, तरी त्याचा विश्वास ढळला नाही.

१७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने हा अंदाज गणितज्ञ ऑयलरच्या कानावर घातला आणि १७३२ मध्ये ऑयलरने अवयव दिले : ६४१ × ६७,००,४१७. पुढे त्याने वाटही उलगडून दाखवली. या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरते. म्हणजे तपासायचे ते फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचव्याच प्रयत्नात उत्तर! १८७८ मध्ये गणितज्ञ ल्यूकाने ६४ च्या जागी १२८ चालतात हे दाखवलं, तेव्हा ६४१ च्या आधी उरला एकटा २५७.

आकडेमोड न करताही हे पटतं, आणि मला ही सिद्धता फार सुंदर वाटते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. ६४१ ने भागताना ६४० ची बाकी −१ धरता येते, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची, बाकी १. पण ६२५ च्या जागी −१६ धरलं तरी चालतं, कारण ६२५ + १६ = ६४१. त्यामुळे २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते. त्यात १ मिळवला की शून्य.

विषम मूळ संख्येएवढा २ चा घात काढून त्याला तिनेच भागलं की बाकी २ उरते. फर्माच्याच प्रमेयावर आधारलेली ही कसोटी (पाया २) लावली, तर आपली संख्या ती पार करते. म्हणून तिची गणना आभासी मूळ संख्यांत, म्हणजे मूळ नसूनही अशी कसोटी पार करणाऱ्या संख्यांतही होते. पाया ३ घेतला की मात्र ती लगेच नापास होते.

तिच्याहून २ ने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ ही ३ ते ६५,५३७ या त्या पाच फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार आहे. गणितज्ञ गाउसच्या सिद्धान्तानुसार अशा वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराएवढ्या बाजूंचा नियमित बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो, म्हणून तेवढ्या बाजूंचाही येतो. विषम बाजूंच्या अशा ज्ञात बहुभुजांत तोच सर्वांत मोठा. सहावी फर्मा मूळ संख्या अजून कोणालाही सापडलेली नाही.