तटबंदीतला पिंपळ मिठाने मारू नका

गडसंवर्धनाला जाणाऱ्या तरुणांत एक समज पक्का आहे: बुरुजातल्या पिंपळाच्या मुळाशी खडेमीठ भरलं की काम झालं. पिंपळ बहुधा पुन्हा फुटतो. नुकसान होतं ते भिंतीचं. पावसात विरघळलेलं मीठ चुन्याच्या दर्जांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, मुरतं, उन्हाळ्यात तिथेच त्याचे स्फटिक होतात, चुना भुसभुशीत होऊन गळतो.

आधी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी. पेन्सिलीएवढी रोपं पावसाळ्यात, दर्जा ओल्या असताना मुळासकट हळू काढावीत. जाड खोड ओढू नये, दगड निसटतात. करवतीने कापून ताज्या कापावर काही मिनिटांतच खात्याने मान्य केलेलं तणनाशक ब्रशने लावावं. मूळ वाळल्यावर पोकळी जाणकार गवंड्याकडून चुन्यानेच भरावी. सिमेंट मुळीच नको, ते पाणी आत कोंडतं.