आयपीटीव्हीची जालरचना : खानदेशच्या संदर्भात

दूरचित्रवाणीच्या वाहिन्या आणि मागणीनुसार दाखवले जाणारे कार्यक्रम इंटरनेट प्रोटोकॉलच्या पॅकेटांत भरून, सेवादात्याच्या स्वतःच्या ताब्यातील ब्रॉडबँड जाळ्यावरून ग्राहकाच्या सेट-टॉप बॉक्सपर्यंत नेण्याच्या पद्धतीस आयपीटीव्ही म्हणतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अभ्यासगटाने २००६ मध्ये तिची जी व्याख्या केली तिच्यात गुणवत्ता, सुरक्षितता, परस्परसंवाद आणि विश्वासार्हता यांची आवश्यक पातळी राखता येईल असे व्यवस्थापित जाळे ही मुख्य अट आहे. मोबाइलवर किंवा स्मार्ट टीव्हीवर खुल्या इंटरनेटवरून पाहिले जाणारे कार्यक्रम या व्याख्येत बसत नाहीत, कारण तेथे चित्र पाठवणारा एक, मधली वाट दुसऱ्याची आणि घरात आलेली तार तिसऱ्याची असते व चित्र अडकले तर त्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे ठरवता येत नाही. आयपीटीव्हीत ही जबाबदारी एकाच सेवादात्याकडे येते. प्रस्तुत नोंदीत या जाळ्याची रचना सांगितली असून जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत असे जाळे उभारताना कोणत्या बाबी निर्णायक ठरतात याचा विचार केला आहे.

हेड-एंड : रचनेचा उगम हेड-एंडमध्ये होतो, स्थानिक केबलचालक त्यालाच कंट्रोल रूम म्हणतात. उपग्रहावरून आलेल्या वाहिन्या डिश अँटेनाद्वारे घेऊन, त्यांचे कूट उलगडून, एच.२६४ किंवा एचईव्हीसी या पद्धतींनी चित्र पुन्हा दाबून लहान केले जाते. साध्या प्रतीच्या वाहिनीस एच.२६४ मध्ये सुमारे २ मेगाबिट प्रतिसेकंद आणि एचडी वाहिनीस ६ ते ८ मेगाबिट लागतात. दाबलेले चित्र १८८ बाइटांच्या तुकड्यांत विभागतात आणि असे सात तुकडे, म्हणजे १३१६ बाइट, एका आयपी पॅकेटात भरतात. इथरनेटची नेहमीची १५०० बाइटांची मर्यादा त्यामुळे ओलांडली जात नाही. येथेच प्रवाह पुन्हा कूटबद्ध होतो, आणि कोणत्या ग्राहकाने कोणते पॅक घेतले आहे त्यानुसार हे कूट उलगडण्याची चावी देण्याचे काम सर्व्हर करतात. इतकी यंत्रसामग्री प्रत्येक तालुक्याच्या गावी बसवणे परवडणारे नसते. म्हणून हेड-एंड मोठ्या शहरात ठेवून जिल्ह्याच्या ठिकाणी केवळ स्थानिक वाहिन्या मिसळण्याची आणि मागणीनुसार लागणारे कार्यक्रम साठवण्याची सोय करतात.

मल्टिकास्ट : आयपीटीव्हीचे सारे अर्थकारण या एका तंत्रावर उभे आहे. समजा, जळगाव शहरात क्रिकेटचा सामना ५,००० घरांत एकाच ६ मेगाबिटच्या एचडी वाहिनीवर पाहिला जात आहे. प्रत्येक घरासाठी स्वतंत्र प्रवाह पाठवला तर शहराकडे येणाऱ्या मुख्य मार्गावर ३० गिगाबिट प्रतिसेकंद एवढा भार पडेल. मल्टिकास्टमध्ये त्याच मार्गावरून केवळ ६ मेगाबिटचा एकच प्रवाह येतो आणि जेथे वाटा फुटतात तेथील राउटर त्याच्या प्रती काढून पुढे देतो. २४० साध्या आणि ६० एचडी वाहिन्यांचा संच घेतला तर एकूण भार सुमारे ८४० मेगाबिट होतो, आणि प्रेक्षक कितीही वाढले तरी तो त्याच्यावर जात नाही. मागणीनुसार पाहायच्या कार्यक्रमांना मात्र ही सवलत नाही, कारण तेथे प्रत्येकाचा प्रवाह वेगळा असतो. ते कार्यक्रम साठवणारे सर्व्हर ग्राहकाच्या शक्य तितके जवळ ठेवावे लागतात ते यामुळेच.

मल्टिकास्टसाठी २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते राखून ठेवलेले आहेत आणि प्रत्येक वाहिनीस त्यांतील एक पत्ता मिळतो. प्रेक्षकाने रिमोटवर वाहिनी निवडली की सेट-टॉप बॉक्स आयजीएमपी या प्रोटोकॉलने ‘मला या गटात घ्या’ असा संदेश वर पाठवतो. राउटरांमधील मागणीची देवाणघेवाण पीआयएम हा प्रोटोकॉल करतो. धुळे जिल्ह्यात पांझरेवरच्या फडपद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने येऊन ज्या फडाची (शेतांच्या गटाची) पाळी असेल त्याच चारीत सोडले जाते, तसा येथे ज्या फांदीवर मागणी आहे तिच्याकडेच प्रवाह वळतो; फरक इतकाच की पाणी वाटले की कमी होते आणि प्रवाह प्रत्येक फांदीत पुरा उतरतो.

या यंत्रणेतील बिघाड बहुधा जाळ्यातील तारा एकत्र जोडणाऱ्या स्विचांच्या जुळणीत सापडतात. मधल्या स्विचने आयजीएमपीचे संदेश वाचून कोणत्या दारावर (पोर्टवर) कोणती वाहिनी हवी याची नोंद ठेवायची असते आणि ही नोंद ताजी राहावी म्हणून जाळ्यात कोणीतरी ठरावीक वेळाने ‘अजून कोण पाहत आहे?’ अशी विचारणा करत राहावी लागते. विचारणा करणारा राउटर नेमायचाच राहून गेला तर वाहिनी नीट सुरू होते, प्रेक्षक स्थिरावतो आणि चार मिनिटे वीस सेकंदांच्या आसपास चित्र गोठते. कारण प्रचलित मांडणीत गटाचे सदस्यत्व २६० सेकंदांनी संपते. या बिघाडात चित्र जाण्याची वेळ इतकी ठरलेली असते की अनुभवी तंत्रज्ञ घड्याळाकडे पाहूनच निदान करतो. याउलट स्विचला नोंद ठेवणेच जमत नसेल तर तो प्रत्येक वाहिनी प्रत्येक दारावर ओततो आणि घरातले साधे इंटरनेटही रांगू लागते.

वाहिनी बदलण्याचा वेळ : केबलवर वाढलेल्या प्रेक्षकाला वाहिनी तत्काळ बदलावी असे वाटते. आयपीटीव्हीत जुन्या गटातून बाहेर पडणे आणि नव्या गटात शिरणे यांस फार वेळ लागत नाही. खरा वेळ जातो तो पुढच्या पूर्ण चित्रचौकटीची वाट पाहण्यात. दाबलेल्या चित्रात पूर्ण चौकट सेकंद-दोन सेकंदांतून एकदाच येते, मधल्या चौकटींत केवळ बदल नोंदलेले असतात. चांगल्या जाळ्यांत एक सर्व्हर प्रत्येक वाहिनीचे शेवटचे काही सेकंद जवळ ठेवतो आणि वाहिनी बदलताच पूर्ण चौकटीपासूनचा भाग अधिक वेगाने त्या एका घराकडे पाठवतो. वाटेत हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवण्याचे कामही हाच सर्व्हर करू शकतो. एक पॅकेट हरवणे ही क्षुल्लक बाब नव्हे, कारण ते पूर्ण चौकटीतले असेल तर पुढची पूर्ण चौकट येईपर्यंत चित्रात चौकोन दिसत राहतात. म्हणून दूरचित्रवाणीचा प्रवाह वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच तारांवरील स्वतंत्र आभासी जाळ्यात, ठेवून त्याला इंटरनेटच्या वाहतुकीपेक्षा वरचे प्राधान्य देतात. घरात दोन टीव्ही असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते : गटातून तत्काळ बाहेर पडण्याची सोय आंधळेपणाने चालू ठेवली, तर एका खोलीत वाहिनी बदलताच दुसऱ्या खोलीत चाललेली तीच वाहिनी बंद पडते.

वाय-फायवर मल्टिकास्ट विशेष नाजूक असते. तेथे असे पॅकेट पोहोचल्याची पोच मिळत नाही आणि ते सर्वांत मंद वेगाने पाठवले जाते. त्यामुळे राउटरला मल्टिकास्टचे रूपांतर एकेका उपकरणाच्या प्रवाहात करता येत नसेल तर सेट-टॉप बॉक्सला सरळ लॅन केबल लावणेच बरे.

घरापर्यंतचा टप्पा : टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरील एडीएसएल२+ या ब्रॉडबँड पद्धतीची कमाल क्षमता २४ मेगाबिट होती, पण ती एक्स्चेंजलगतच्या घरांपुरतीच, तीन-चार किलोमीटर अंतरावर काही मेगाबिटच उरत आणि त्यांत एक वाहिनी जेमतेम बसे. महानगर टेलिफोन निगमने २००६ मध्ये मुंबई व दिल्ली येथे आयपीटीव्ही सुरू केली ती याच तारांवर. घराघरांत फायबर येऊ लागल्यावर या सेवेला खरा पाया मिळाला. जीपॉन या फायबर वाटपाच्या पद्धतीत एका ओएलटीच्या (सेवादात्याकडील टोकाच्या यंत्राच्या) एका दारातून २.५ गिगाबिट प्रतिसेकंद उतरतात आणि १.२५ गिगाबिट वर जातात. एक फायबर वीज न लागणाऱ्या स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. खाली येणारा प्रकाश एकाच वेळी सर्व घरांपर्यंत जात असल्याने मल्टिकास्टची एक प्रत अख्ख्या शाखेला पुरते, आणि हा गुण दूरचित्रवाणीसाठी मुद्दाम घडवावा तसा उपयोगी पडतो. अनेक केबलचालक त्याच फायबरवर १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात पारंपरिक केबल टीव्हीचा सिग्नल सोडतात. तारेचा खर्च वाचवणारी ही सोयीची तडजोड असली तरी ती आयपीटीव्ही नव्हे.

फायबरच्या टप्प्यात हिशेब असतो तो डेसिबेलचा, म्हणजे वाटेत प्रकाश किती क्षीण होतो त्याचा. रावेर तालुक्यातील एखादे गाव ओएलटीपासून १२ किलोमीटरवर आहे असे धरू. दर किलोमीटरला ०.३५ प्रमाणे ४.२ डेसिबेल, ३२ वाटांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे १७.५ आणि कनेक्टर व स्प्लायसिंगमध्ये (फायबरची टोके सांधण्यात) २, असा एकूण २३.७ डेसिबेलचा ऱ्हास होतो. ओएलटीने ३ डीबीएम (प्रकाशाच्या शक्तीचे एकक) प्रकाश सोडला तर घरात उणे २०.७ मिळतो, मीटरवर उणे एकवीसच्या आसपास आकडा दिसला की लाइनमन समाधानाने डबा बंद करतो. सामान्य श्रेणीच्या घरगुती उपकरणाची मर्यादा उणे २७ असते, म्हणजे हाताशी सहाएक डेसिबेलच उरतात. कनेक्टरच्या टोकावर बसलेली वैशाखातली धूळ किंवा खिळ्याभोवती आवळून वळवलेली तार एवढ्यानेच ते संपतात. वाकलेल्या फायबरमधून जास्त तरंगलांबीचा प्रकाश अधिक गळतो. खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि वर जाणारा १३१० चा असल्यामुळे अशा वाकणाचा फटका आधी घराकडे येणाऱ्या प्रवाहाला, म्हणजे चित्राला बसतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मे-जूनच्या वादळाने बागा आडव्या होतात तेव्हा बांधावरच्या खांबांवरून घरांपर्यंत नेलेले ड्रॉप फायबरही बागेसोबत खाली येतात. ओएनटीवर (घरातील फायबरच्या डब्यावर) लाल दिवा लागल्याच्या तक्रारी मग गावेच्या गावे करतात. खांबावरची तार स्वस्तात पडते, पण या पट्ट्यात मुख्य तार तरी जमिनीखालूनच न्यावी.

वहनमार्ग : खानदेशात आयपीटीव्हीची अडचण क्षमतेची कमी आणि वाटांची अधिक आहे. वर काढलेला ८४० मेगाबिटचा भार १० गिगाबिटच्या एका जोडणीवर सहज मावतो. ती जोडणी तुटली तर मात्र अख्खा जिल्हा एकदम अंधारात जातो. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडणे ही येथील नित्याची तक्रार आहे. सुदैवाने प्रदेशाची ठेवण रिंगसाठी, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालणाऱ्या वर्तुळाकार जोडणीसाठी, अनुकूल आहे. जळगावहून नवापूरकडे जाणाऱ्या दोन स्वतंत्र वाटा आहेत : सुरत–नागपूर महामार्ग एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री असा जातो, तर भुसावळ–सुरत लोहमार्ग धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार असा जातो आणि रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीचे फायबर रुळांच्या कडेने टाकलेले असते. तिसरी वाट तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याने अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर अशी आहे. सारंगखेडा, सावळदे, विदगाव येथील तापीवरचे पूल तिला दक्षिणेकडील वाटांशी जोडतात. मात्र पुलाच्या कठड्याला बांधलेल्या एकाच पाइपातून जाण्या-येण्याचे दोन्ही फायबर नेले तर रिंग कागदावरच राहते. एकाच केबलमधले दोन कोअर (तंतू) घेऊन त्याला रिंग म्हणण्याची चालही सोडली पाहिजे.

मल्टिकास्टमध्ये वाट तुटल्यावर राउटरांना वितरणाचे झाड नव्याने बांधावे लागते आणि त्यात काही सेकंद जातात. हे टाळण्यासाठी तोच प्रवाह दोन्ही वाटांनी आणून जिल्ह्याच्या राउटरने त्यांपैकी चांगला निवडायचा, अशी पद्धत वापरतात. येथे दुप्पट क्षमता लागते, पण वर सांगितल्याप्रमाणे खानदेशात क्षमता ही मोठी अडचण नाही.

वीज आणि उष्णता : स्प्लिटरला वीज लागत नाही, ओएलटीला लागते. ओएलटी ज्या गावात आहे तेथील गावठाण फीडर बंद पडला आणि बॅटरी उतरलेली असली, तर शेजारच्या गावात वीज असूनही टीव्ही बंद राहतो, आणि तेथील ग्राहकाला याचे कारण पटवून देणे अवघड जाते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तर खोलीत ठेवण्याच्या बनावटीच्या बहुतेक उपकरणांची मर्यादा ४० ते ४५ अंशांचीच असते. पत्र्याच्या टपरीत ठेवलेले ओएलटी मे महिन्यात दुपारी बंद पडून रात्री आपोआप चालू होत असेल तर बिघाड जाळ्यात नसून छपरात असतो.

नियमन : केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आयपीटीव्हीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार परवानाधारक दूरसंचार सेवादाते आणि नोंदणीकृत केबलचालक अशा दोघांनाही ही सेवा देता येते. केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाचा चौथा व अखेरचा टप्पा मार्च २०१७ मध्ये संपला, तेव्हापासून ग्रामीण ग्राहकालाही सेट-टॉप बॉक्स आणि पॅक यांची सवय झालेली आहे. भारत संचार निगमने २०२४ मध्ये आपल्या फायबर ग्राहकांसाठी अशा प्रकारची दूरचित्रवाणी सेवा सुरू केली, तर एअरटेलने २०२५ मध्ये. भारतनेट योजनेच्या पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी आणि ग्रामपंचायतीत ओएनटी अशी जीपॉनचीच रचना असल्यामुळे तिच्या फायबरवरही आयपीटीव्ही नेणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे.

धडगावसारख्या सातपुड्यातील तालुक्यात, जेथे चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड कोसळून रस्त्यासोबत तारही तुटू शकते, तेथे फायबरच्या जोडीला मायक्रोवेव्हची (बिनतारी लहरींची) पर्यायी जोडणी उपयोगी पडते. अशी जोडणी ३०० मेगाबिटची धरली आणि निम्मी क्षमता इंटरनेटसाठी राखली, तरी उरलेल्या १५० मेगाबिटमध्ये ४५ साध्या आणि १० एचडी वाहिन्या एकाच वेळी बसतात. मल्टिकास्टमध्ये डोंगर चढून येतात त्या प्रत्यक्ष पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्याच. त्यामुळे यादीत ३०० वाहिन्या असल्या तरी त्या क्षणी चालू असलेल्या वाहिन्यांची संख्या या मर्यादेत राहीपर्यंत ग्राहकाला फायबर तुटल्याचे जाणवत नाही. मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता असेल तर आणीबाणीच्या काळापुरती एचडीची मागणी त्याच वाहिनीच्या साध्या प्रतीकडे वळवण्याची सोय सेट-टॉप बॉक्सच्या प्रणालीत आधीच करून ठेवावी लागते.