स्वस्ताईचा शब्द फिरला की विदर्भातला कास्तकार काय करतो

नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा प्रचारात सत्तेतल्या युतीने जी दहा वचनं दिली, त्यात दोन थेट किमतींची होती. वीजबिलात 30 टक्के कपात, आणि जीवनावश्यक वस्तूंचे भाव स्थिर. मार्च 2025 अखेरीस नियामक आयोगाचा दर कमी करणारा आदेश निघाला. वीज कंपनीच्या विनंतीवरून तो काही दिवसांतच थांबला. जूनमध्ये हाती आलं ते असं : पहिल्या वर्षी 10 टक्के, आणि पाच वर्षांत मिळून 26 टक्के. तिसाचे सव्वीस झाले, तेही हप्त्याहप्त्याने. त्या आठवड्यात अकोला, वाशीम, यवतमाळकडे पेरणीची घाई होती. या फरकावरून कुठे रस्ता अडवला गेला नाही. म्हणून शहरातून एक निष्कर्ष नेहमी निघतो, की विदर्भातला खेड्यातला मतदार विसरतो. मागचं सगळं पाहिलं तर तो विसरत नाही. तो हिशेब वेगळ्या वहीत मांडतो.

1980 ची लोकसभा आणि 1998 ची दिल्ली, राजस्थान या कांद्याने पाडलेल्या निवडणुका सगळ्यांना पाठ आहेत. त्या इथे फारशा उपयोगाच्या नाहीत, कारण विदर्भाच्या मोठ्या भागाचा कांदा हा प्रश्नच नव्हे. 1995 ची युती पाच जीवनावश्यक वस्तूंचे भाव पाच वर्षं गोठवण्याच्या वचनावर सत्तेत आली आणि एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली. केंद्रं बहुतेक करून शहरांत आणि एसटी स्टँडजवळ. खेड्यात भाकर घरची असते आणि झुणकाही. पाच वस्तूंच्या वचनाची ओढाताण पुढे झाली, 1999 ला सत्ताही गेली, पण ती भावांमुळे गेली असं म्हणणं धाडसाचं ठरेल.

खरी गोष्ट सुरू होते 2004 ला.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. त्याआधी काही महिने राज्यातल्या आघाडी सरकारने शेतीपंपांना वीज मोफत केली. शून्य रकमेची बिलं घरोघर आली. ज्यांनी ती पाहिली ते अजून सांगतात, की एवढा मोठा कागद आणि खाली आकडा शून्य. त्याच निवडणुकीत कापसाला क्विंटलमागे 2,700 रुपये देण्याचं वचनही होतं. आघाडी निवडून आली. 2005 मध्ये मोफत वीज मागे घेतली गेली. कापसाचे 2,700 तर दूरच, आधीपासून हमीभावावर मिळणारा 500 रुपयांचा 'अग्रिम बोनस'ही त्याच वर्षी काढून घेतला. म्हणजे एका वर्षात दोन माघारी : एक विकत घ्यायच्या वस्तूच्या भावाबद्दलची, दुसरी विकायच्या वस्तूच्या भावाबद्दलची.

या दोन माघारींवरच्या प्रतिक्रिया एकसारख्या नव्हत्या. मोफत वीज हा राज्यभर गाजलेला विषय, पण ओरड मोठी झाली ती उसाच्या आणि बागायतीच्या पट्ट्यात. विदर्भातला कापूस जवळजवळ सगळा कोरडवाहू. शेतीपंपांचा अनुशेष हा इथला जुना, कागदोपत्री मान्य झालेला विषय. 1984 च्या अनुशेष समितीपासून तो मोजला जातोय. डिमांड, म्हणजे जोडणीचे पैसे, भरून पाच-पाच वर्षं जोडणीची वाट पाहणारा कास्तकार गावोगाव होता. ज्याच्या विहिरीवर मोटरच नाही, त्याला मोफत वीज मिळाली काय नि गेली काय. ज्याच्याकडे मोटर होती त्याचंही फार नुकसान झालं नाही, कारण 2005 नंतर भारनियमन असं सुरू झालं की मोफत काय नि विकत काय, वीज यायचीच रात्री. चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या चिमण्या दिसतात त्या गावांत अंधार, ही तेव्हाची नेहमीची तक्रार, आणि ती खोटी नव्हती.

शिवाय 'मोफत' या शब्दाचा घोळ झाला. राज्य म्हणत होतं, यापुढचं चालू बिल लागणार नाही. गावात ऐकू गेलं, बिल माफ. माफ म्हटलं की मागचं-पुढचं सगळं आलं. सरकारी भाषेत माफी, सवलत, स्थगिती आणि शून्य आकारणी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पारावर त्यांना एकच शब्द आहे. पुष्कळ पंपांना मीटर नव्हता, बिल अश्वशक्तीवर, तेही तिमाही. त्यामुळे योजना कधी संपली हे कुणाला एका दिवशी कळलंच नाही. पुढच्या बिलावर आकडा आला, मागची थकबाकी त्याला चिकटून आली. हे चुकून आलं असेल, असं म्हणून लोकांनी ते भरलं नाही. त्याच्या पुढचंही नाही. पंपांच्या थकबाकीचा जो डोंगर आज दाखवला जातो, त्याच्या पायथ्याशी ही समजूतही आहे. वीज कंपनी त्याला 'भरण्याची मानसिकता नसणं' म्हणते. माझ्या मते ती मानसिकता तयार करायला सरकारनेही हातभार लावला : एकदा सरकारच बिल भरू नका म्हणालं की दुसऱ्यांदा भरा म्हणायला तोंड जड होतं.

माघार अंगावर येते ती जाहीर होते त्या दिवशी नाही, डीपी, म्हणजे गावचं रोहित्र, बंद होते त्या दिवशी. थकबाकीसाठी अख्खं रोहित्र बंद करायची पद्धत आहे, आणि वसुलीची मोहीम येते ती हरभरा-गहू ओलिताला आलेला असताना. मग ज्याने भरलं त्याचंही पीक जातं. गावातला राग अशा वेळी मुंबईकडे जात नाही, तो लाइनमनकडे जातो आणि शेजाऱ्याकडे जातो. मतपेटीपर्यंत पोचेस्तोवर त्याचं रूप बदललेलं असतं.

कापसाचं तसं नव्हतं. 500 रुपये गेले ते चुकाऱ्यात, म्हणजे मालाच्या हाती आलेल्या पैशात, दिसले, काट्यावरच. त्या हंगामाच्या मागेपुढे पश्चिम विदर्भातल्या आत्महत्यांनी देश हादरला, जुलै 2006 मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांना 3,750 कोटींचं पॅकेज मिळालं. आत्महत्यांची कारणं अनेक होती, हे खरं. पण गावात आजही 2005 ची आठवण निघते ती बोनसच्या नावाने, विजेच्या नावाने नाही.

मग मतदाराने शिक्षा केली का? 2004 च्या लोकसभेत विदर्भातल्या 11 जागांपैकी त्या आघाडीला एकच, नागपूरची, मिळाली होती. 2009 ला, दोन्ही माघारींनंतर, पुनर्रचनेने झालेल्या 10 पैकी पाच मिळाल्या. वाढल्याच. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ-वाशीम हा वऱ्हाडाचा पट्टा विरोधकांकडे राहिला, पण तो आधीही त्यांच्याकडेच होता. त्या वर्षी विधानसभाही आघाडीने राखली. मधल्या काळात 2008 ची केंद्राची कर्जमाफी आली होती. तिला दोन हेक्टरची अट होती आणि कोरडवाहू विदर्भात त्या अटीत न बसणारे पुष्कळ होते, म्हणून ती इथे अर्धीच पोचली. पण 2008-09 च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2,030 वरून एकदम 3,000 झाला. 500 गेलेले 970 होऊन परतले, असा पारावरचा हिशेब. विसरणं म्हणायचं तर हे म्हणा. मी याला वसुली म्हणेन.

पुढचा टप्पा डाळीचा आहे, आणि शहरी वाचकाला तो उलटा वाटेल. 2015 च्या शेवटी तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. ती स्वस्त करण्याचं आश्वासन राज्याने दिलं, केंद्राने दिलं. साठ्यांवर मर्यादा आल्या, धाडी पडल्या, आयात झाली. हे वचन पाळलं गेलं. पण भाव चढलेले पाहून आणि सरकारनेच तूर पेरा म्हटल्यावर 2016 च्या खरिपात विदर्भाने भरभरून तूर पेरली, पाऊसही साथीला होता. 2017 च्या सुरुवातीला बोनस धरून हमीभाव 5,050, आणि बाजारात साडेतीन-चार हजार. खरेदी केंद्रांवर बैलबंड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा, टोकन, बारदाना नाही म्हणून काटा बंद, गोदाम नाही म्हणून काटा बंद. एप्रिलमध्ये खरेदीच थांबवली, ओरड झाल्यावर पुन्हा सुरू केली. शहरात डाळ उतरली म्हणून सुस्कारा, आणि इकडे बाजार समितीच्या आवारात कास्तकार पोत्यांवर झोपलेला.

इथे 'भाव' हा शब्द एकाच घरात दोन्ही बाजूंनी कापतो. दिवाळीपासून होळीपर्यंत तो विकणारा असतो, बाकीचे महिने विकत घेणारा. भूमिहीन मजूर फक्त घेणारा, असं म्हणावं तर त्याच्या बायकोचा वेचाईचा दर कापसाच्या भावाकडे बघूनच ठरतो. त्यामुळे 'महागाई कमी करू' या घोषणेला टाळ्या वाजतात तेव्हाही मागच्या रांगेत एक शंका असते : आमचा माल पाडून करणार का?

ही शंका 2021 मध्ये पक्की झाली. ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. त्याच महिन्यात 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली, ऑक्टोबरमध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क उतरवलं, डिसेंबरमध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद झाले. नवं पीक बाजारात आलं तेव्हाच भाव जवळपास निम्म्यावर आले होते. तेलाचा डबा त्या प्रमाणात उतरला नाही. स्वस्ताई ग्राहकाला पुरती मिळाली नाही आणि नुकसान मात्र पुरतं झालं, हे दृश्य त्यानंतर वारंवार दिसलं.

वीजबिलांचा विषय मधेच, 2020 मध्ये, पुन्हा निघाला. टाळेबंदीतल्या वाढीव बिलांवर सवलत देऊ, दिवाळी गोड करू, असं ऊर्जा खात्याकडून सांगितलं गेलं, आणि खातं विदर्भातल्याच मंत्र्याकडे होतं. नोव्हेंबरमध्ये भूमिका बदलली : वापरली ती वीज भरावीच लागेल. आंदोलनं झाली, बिलं जाळली गेली. आणि दोन-तीन आठवड्यांत नागपूर पदवीधर मतदारसंघात, जो विरोधकांचा पाच दशकांहून जुना गड होता, सत्ताधारी आघाडीचाच उमेदवार जिंकला. मतदार पदवीधर, पुष्कळसे शहरी. गावाचा कौल म्हणून तो वाचता येत नाही. तरी माघार आणि मत यांची गाठ किती सैल असते ते त्यात दिसतं. मार्च 2021 च्या अधिवेशनात वीजतोडणीला स्थगिती जाहीर झाली आणि अधिवेशन संपता संपता ती उठली. आठ दिवसांचं वचन.

विदर्भातल्या त्या पॅकेजच्याच सहा जिल्ह्यांपुरती एक माघार मात्र फारशी कुणी मोजली नाही. ऑगस्ट 2015 पासून पश्चिम विदर्भ आणि मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलोने, माणशी पाच किलो, मिळायचा. 2022 मध्ये धान्य थांबलं. 2023 पासून त्याऐवजी माणशी महिना 150 रुपये खात्यात, नंतर 170. धान्य घरात येतं तेव्हा दिसतं. खात्यातले 150 बँकेच्या मिनिमम बॅलन्सला किंवा जुन्या हप्त्याला गेले तर कळतही नाही. योजना 'बंद' झाली नाही, 'रूपांतरित' झाली. या शब्दावर रास्त भाव धान्य दुकानासमोर जी वादावादी झाली ती मुंबईत ऐकू गेली नसावी.

सिलिंडरचीही तीच तऱ्हा. मार्च 2023 मध्ये दिल्लीत 1,103 रुपये. ऑगस्टमध्ये 200 उतरले, लोकसभेच्या तोंडावर मार्च 2024 मध्ये आणखी 100, एप्रिल 2025 मध्ये 50 चढले. गावात भाव चढला की निषेध होत नाही, पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, सरपणाला निघतात. सिलिंडर ओट्याखाली, चूल अंगणात.

2024 च्या लोकसभेत विदर्भातल्या दहापैकी सात जागा विरोधकांना गेल्या. 2014 ला दहाच्या दहा युतीच्या होत्या. सोयाबीन-कापसाचे पडलेले भाव हे एक कारण होतं, हे सत्ताधाऱ्यांनीही मान्य केलं. म्हणूनच पुढचे काही महिने वेगळे गेले. जुलैमध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पुन्हा मोफत वीज, बरोबर वीस वर्षांनी. या वेळी कागदावर मार्च 2029 पर्यंतची मुदत. सप्टेंबरमध्ये कच्च्या सोया तेलावरचं शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर, म्हणजे चक्क तेल महाग करण्याचा निर्णय. नोव्हेंबरमध्ये सोयाबीनला 6,000 चं वचन, विरोधकांचं 7,000 चं. विधानसभेला विदर्भ पुन्हा युतीकडे वळला. लाडक्या बहिणीचे दीड हजार त्यात किती आणि मोफत वीज किती, याचं उत्तर जो तो आपल्या सोयीने देतो.

त्यानंतर सोयाबीन 4,892 च्या हमीभावालाही बाजारात पोचलं नाही. मे 2025 च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्के झालं. ऑगस्टमध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ झालं, पोळ्याच्या तीन-चार दिवस आधी. तोरणाखाली बैल उभे असताना झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमणेवजा गाणी, म्हणतात, आणि झडतीत सरकारला सोडायचं नसतं. त्या पोळ्याला कापूस ओघानेच आला. दुसऱ्या दिवशी इडापिडा घेऊन जाणारी मारबत गावाबाहेर गेली. शुल्कमाफीची मुदत आधी 30 सप्टेंबर होती, मग 31 डिसेंबर झाली. पहिली वेच बाजारात येते ती याच तीन महिन्यांत.