वन आणि पर्यावरण क्षेत्रात नोकरी करणाऱ्यांसाठी जर्मनीची 'एपॉस' शिष्यवृत्ती : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

जंगलात कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो टिपणारा कॅमेरा) लावत, सामूहिक वनहक्काचे दावे भरत किंवा एखाद्या वनप्रकल्पात मानधनावर राबत चार वर्षं गेली की पुढे शिकावंसं वाटतं, पण पैशाचा प्रश्न आडवा येतो. बऱ्याचशा परदेशी शिष्यवृत्त्या नुकत्याच पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला समोर ठेवून आखलेल्या असतात. 'एपॉस' (विकासाशी निगडित पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठीची शिष्यवृत्ती) तशी नाही. ती नोकरी करणाऱ्यांसाठीच आहे आणि कामाचा अनुभव नसेल तर कितीही गुण असले तरी अर्ज विचारात घेतला जात नाही. आपल्याकडच्या फील्डवरच्या मुलामुलींपर्यंत ही माहिती फार कमी पोहोचते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही योजना 'डाड' म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा चालवते. पैसा जर्मनीच्या आर्थिक सहकार्य आणि विकास मंत्रालयाचा. १९८७ पासून ती सुरू आहे आणि विकसनशील देशांच्या यादीत भारत असल्याने आपण पात्र ठरतो. मात्र कुठलाही अभ्यासक्रम निवडता येत नाही. दरवर्षी डाड एक यादी काढते, त्यातलाच निवडायचा. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाचा उष्णकटिबंधीय वनशास्त्राचा एमएससी अभ्यासक्रम आणि ग्योटिंगेन विद्यापीठाचं वनशास्त्र ही या यादीत येत आलेली नावं. यादी बदलते, त्यामुळे चालू वर्षाचीच पाहा. ड्रेस्डेनचा वनशास्त्र विभाग थारांट या छोट्या गावात आहे. तिथे १८११ पासून वनशिक्षण दिलं जातं. आपल्या वनखात्याचंही जर्मनीशी जुनं नातं आहे: १८६४ मध्ये नेमलेले पहिले वनमहानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस मूळचे बॉनचे होते.

आता पात्रता. पदवीनंतरचा किमान दोन वर्षांचा संबंधित अनुभव अर्ज करतानाच पूर्ण झालेला हवा. शेवटची पदवी साधारणपणे सहा वर्षांपेक्षा जुनी नसावी. वयाची अट नाही, पण ही सहा वर्षांची अट अनेकांना नडते. पदवी साधारणतः चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची असावी, अशी अपेक्षा असते. दापोलीच्या किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बीएससी वनशास्त्र केलेल्यांना अडचण नाही. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रातली तीन वर्षांची बीएससी असेल, तर अर्ज भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाच्या समन्वयकांना ईमेल करून विचारा. एमएससी आधीच झाली असेल, तर आणखी एक कशासाठी, याचं पटण्याजोगं उत्तर तयार ठेवा. जर्मनीत पंधरा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहत असलेल्यांना अर्ज करता येत नाही. इंग्रजीसाठी आयईएल्टीएस किंवा टोफेल ही परीक्षा द्यावी लागते. किमान गुण अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात दिलेले असतात.

कागदपत्रांत डाडचा अर्जाचा नमुना, युरोपास (युरोपीय संघाचा ठरावीक नमुना) पद्धतीचा सही केलेला बायोडेटा, जास्तीत जास्त दोन पानांचं प्रेरणापत्र (मोटिव्हेशन लेटर), पदवी प्रमाणपत्रं, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि भाषेचा दाखला हे येतं. ही जमवाजमव आठवड्याभरात होते. खरं अडतं ते नोकरीच्या कागदांवर.

अनुभवाचे दोन वेगळे कागद लागतात. एक, दोन वर्षं भरल्याचं दाखवणारी अनुभव प्रमाणपत्रं. दुसरं, सध्याच्या नोकरीतल्या वरिष्ठांचं शिफारसपत्र, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आणि ताज्या तारखेचं. शिवाय परत आल्यावर पुन्हा कामावर घेऊ, असं नोकरी देणाऱ्याने लिहून दिलं तर तेही जोडायचं. ते सक्तीचं नाही, पण शक्य असेल तर मागतात. आपल्याकडे प्रकल्प संपला की माणसं पांगतात, मानधन व्हाउचरवर मिळालेलं असतं आणि नियुक्तीपत्र कधी दिलेलंच नसतं. मीही एका संस्थेत दीड वर्ष काम करून कागदाविना बाहेर पडलो आणि ते दीड वर्ष पुढे कुठेच दाखवता आलं नाही. म्हणून पोटतिडकीने सांगतो, प्रत्येक प्रकल्प सोडताना पद, कामाचं स्वरूप, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असलेलं प्रमाणपत्र तिथल्या तिथे घ्या. नंतर ते देणारा माणूसच जागेवर राहत नाही.

प्रेरणापत्रात निसर्गप्रेमाच्या ओळी नकोत. तुमच्या आत्ताच्या कामाशी हा अभ्यासक्रम कसा जोडला जातो, एवढंच त्यांना वाचायचं असतं. समजा, तुम्ही गडचिरोलीत वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांबरोबर बांबूच्या व्यवस्थापनाचं काम करता. मग दरवर्षी किती बांबू तोडावा याचा हिशेब आज कसा होतो, तो कुठे अडतो, त्यासाठी कोणता विषय शिकायचा आहे आणि परतल्यावर काय बदलाल, हे लिहा. गावाचं, जंगलाचं, झाडाचं नाव येऊ द्या. असं पत्र इंटरनेटवरून उचललेल्या नमुन्यापेक्षा वेगळं उठून दिसतं.

जास्तीत जास्त तीन अभ्यासक्रमांना अर्ज करता येतो. पसंतीचा क्रम अर्जात लिहायचा आणि प्रेरणापत्र सगळीकडे एकच, त्यातच निवडीचं कारण द्यायचं. अर्ज डाडकडे पाठवू नका, तो थेट त्या विद्यापीठातल्या अभ्यासक्रमाकडे जातो. तिथली समिती नावं सुचवते, आणि ज्यांची नावं सुचवली गेली त्यांनाच डाडच्या पोर्टलवर कागद चढवायला सांगितलं जातं.

निवड झाली तर पदव्युत्तर शिक्षणासाठी महिन्याला ९९२ युरो (२०२४ पासूनचा दर), आरोग्य, अपघात आणि दायित्व (आपल्याकडून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाईचा) विमा, प्रवासासाठी ठरावीक रक्कम, आणि बहुधा अभ्यासक्रमाआधी जर्मनीतच जर्मन भाषेचा वर्ग मिळतो. काही परिस्थितींत घरभाड्याला आणि सोबत येणाऱ्या कुटुंबालाही मदत असते.

मुदत प्रत्येक अभ्यासक्रमाची वेगळी असते आणि बरीचशी आदल्या वर्षीच्या ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये संपते. म्हणजे पुढच्या वर्षी शरद ऋतूत जायचं तर या जूनमध्येच वरिष्ठांकडे पत्राचा विषय काढायला हवा. पावसाळ्यात फील्डवरचं काम जरा सैल असतं, तेव्हाच आयईएल्टीएसची तारीख घ्या आणि जुन्या प्रकल्पांच्या कार्यालयांत एक चक्कर मारून या.